दोनशे पावलांचा हायवे

ओम्नीचं इंजिन उतरवून बंकटरावांनी ते भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवलं, तेव्हा सुभद्राबाई दारात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"गाडी चालू होती की चांगली. इंजिन कावून काढलं?"

"गाडीला इंजिन असणं हीच चूक हाय," बंकटराव म्हणाले. "सगळ्या दुनियेची चूक हाय. इंजिन रस्त्याला पाहिजे."

सुभद्राबाईंनी भंगारवाल्याकडे पाहिलं. त्याने या भानगडीत न पडता टेम्पो सुरू केला. त्याच्या टेम्पोला अजून इंजिन असल्यामुळे तो लगेच निघून जाऊ शकला.

बंकटरावांचं घाटनांदूरला मोटर वायंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या विहिरींवर जळालेल्या मोटरी त्यांच्याकडे येत, महिना-दीड महिना मुक्काम करत आणि मग ठणठणीत होऊन परत जात. माणसाच्या हाताला गुण होता, फक्त घाई नव्हती. गिऱ्हाईक विचारायला आलं की "वार्निश वाळतंय" एवढंच उत्तर मिळे. दुपारी जेवण झालं की दोन तास झोप, हा त्यांचा नेम लग्नातसुद्धा चुकला नव्हता. स्वतःच्या लग्नात.

ही रस्त्याची कल्पनाही त्यांना झोपेवरूनच सुचली होती. त्यांचे वडील बाजारातून परतताना बैलगाडीत आडवे होत आणि बैल त्यांना बरोबर दारात आणून सोडत. कासरा ओढायचं काम नाही की वळण सांगायचं काम नाही. मग मोटारी आल्या आणि मालकाला जागं राहावं लागलं. याला लोक प्रगती म्हणतात याचा बंकटरावांना फार राग होता. त्यातच एके दिवशी मोबाईलवर त्यांनी विजेवर चालणाऱ्या, आपोआप गाड्या नेणाऱ्या उद्याच्या हायवेची चित्रं पाहिली आणि दोन दिवस ते तीच पुन्हापुन्हा पाहत राहिले.

"उद्या अंबाजोगाई ते परळी अख्खा रस्ता असा व्हणार," तिसऱ्या दिवशी ते बोलले. "ज्याची त्याची गाडी, ज्याची त्याची गादी. रस्त्यात मोटर, रस्त्यात साखळी. माणूस घरी झोपला की कचेरीत उठंल."

"आन् कचेरीत काय करंल?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"ते ज्याचं त्यानं बघावं. आपलं काम रस्त्याचं."

अंबाजोगाई-परळी रस्ता ताब्यात मिळेपर्यंत त्यांनी स्वतःच्या शेतात सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी गावातलं घर सोडून दोघं आखाड्यावर, म्हणजे शेतात बांधलेल्या घरी राहायला आले होते. डांबरी रस्त्यापासून दारापर्यंत साधारण दोनशे पावलांचं अंतर. तेवढ्या अंतरात बंकटरावांनी चर खोदला. साखर कारखान्याच्या भंगारातून ऊस ओढायची जुनी साखळी आणली आणि चरात गोल फिरती बसवली. मधोमध लिंबाच्या झाडाखाली पत्र्याच्या खोलीत साडेसात हॉर्सपॉवरची मोटर ठेवली. ओम्नी साखळीला आकड्याने अडकवली. दोन्ही टोकांना एकेक लोखंडी पाटी लावली. गाडी पाटीला टेकली की मोटर उलटी फिरणार आणि गाडी आल्या वाटेने परत जाणार.

गाडीचं स्टेअरिंग गेलं, सीटं गेली. त्या जागी गादी आणि लोड आले. झोपायला अंधार हवा म्हणून काचांना सुभद्राबाईंच्या जुन्या लुगड्याचे पडदे लागले. झोपेत माणूस लोळून बाहेर पडू नये म्हणून सरकत्या दाराची आतली कडी काढून टाकली.

अडचण एकच होती. तो चर सुभद्राबाईंच्या तुरीच्या पट्टीतून गेला होता. काळी कसदार जमीन. दरसाल तिथली तूर वर्षभराचं वरण पुरवून वर लेकीबाळींना जायची.

"मृग निघायच्या आत तुमचा रस्ता चालला तर ठीक," त्यांनी सांगून टाकलं. "न्हाईतर चर बुजवून मी तूर पेरणार."

"चालला म्हंजे कसा चालला पाहिजे?"

"माझ्या आईला डांबरीवरनं दारापर्यंत आणायचं. बसल्या जागी. उलटी न व्हता."

ही अट साधी नव्हती. सुभद्राबाईंच्या आई कडूबाई धर्मापुरीला लेकाकडे राहत आणि त्यांना गाडी लागत असे. साधी लागत नसे. एसटी नुसती लांबून दिसली तरी त्या लिंबू हुंगायला लागत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, पण ऑपरेशनला जायचं म्हणजे गाडीत बसायचं, म्हणून ऑपरेशन राहिलं होतं. माणसं त्या आवाजावरून ओळखत आणि बाकीचा मुलूख अंदाजाने.

यंदा अधिक महिना पडला होता. या धोंड्याच्या महिन्यात जावयाला घरी बोलवून धोंडे जेवू घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. कडूबाईंनी धर्मापुरीहून दोन निरोप धाडले. दोन्ही वेळा "रस्ता सोडून येता येत न्हाई" असं उत्तर गेलं. तेव्हा "जावाय येईना तर वाण घेऊन मीच जाते" म्हणून त्या बुधवारी बैलगाडीने निघाल्या. आखाड्यावरचं नवं घर त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या शेतातला नाथा आला.

"बंकट, माझी मोटर?"

"वार्निश वाळतंय."

"चाळीस दिवस झाले. ह्या उन्हात माझं धोतर धा मिनिटात वाळतं बे. जनावरांचं कडवळ करपून चाललंय माझं."

"धोतराला वार्निश लावून बघ, मग कळंल."

नाथा चडफडत निघून गेला. खरं म्हणजे त्याच्या मोटरीचं वार्निश केव्हाच वाळलं होतं. ती लिंबाखालच्या पत्र्याच्या खोलीत बसवलेली होती आणि तिच्यावरच तर सगळा हायवे उभा होता.

बुधवारी दहाच्या सुमाराला कडूबाई डांबरीवर उतरल्या. त्यांचा लेक बैलगाडी घेऊन तसाच बियाणं आणायला घाटनांदूरला गेला. सुभद्राबाई घरात पुरण शिजवत होत्या. बंकटराव धुतलेलं धोतर नेसून ओम्नीजवळ उभे होते.

कडूबाईंनी गाडीजवळ येऊन आधी नाक पुढे केलं.

"वास येत न्हाई, जावायबापू."

"इंजिनच न्हाई, मामी. वास कुठनं येणार?"

"मग चालतीय कशी?"

"गाडी चालत न्हाई. रस्ता चालतो."

कडूबाईंनी थोडा विचार केला. जावई वायंडिंगच्या वासात फार राहतो हे त्यांना माहीत होतं. पण वाण द्यायचं होतं, म्हणून त्या आत बसल्या. अनारशांचा डबा मांडीवर, हातात लिंबू, तोंडावर पदर. बंकटरावांनी शूटिंग चालू करून मोबाईल समोरच्या काचेला टेकवला, कारण प्रसंग ऐतिहासिक होता. मग ते पळत पळत पत्र्याच्या खोलीत गेले आणि बटण दाबलं.

गाडी निघाली. सुरुवातीला जरा खडखडली, मग पळत्या शेळीच्या चालीने सरळ घराकडे येऊ लागली. बंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. लिंबाजवळ, बरोबर अर्ध्या वाटेत, गाडी थांबली.

लाईट गेली होती.

सुभद्राबाई हात पुसत आल्या. त्यांनी पडदा बाजूला करून पाहिलं, तर आई लोडाला टेकून गाढ झोपलेली. जन्मात पहिल्यांदा ती गाडीत झोपली होती.

"उठवा तिला. शंभर पावलं तर हायत, चालंल ती."

"अजिबात न्हाई!" बंकटराव म्हणाले. "बसल्या जागी, असं ठरलंय. एक पाऊल जरी मामी चालल्या तरी तू तूर पेरशील. लाईट घेऊन येतो सबस्टेशनवरनं."

नाथाने डोकावू नये म्हणून त्यांनी पत्र्याच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली आणि मोटरसायकलवर घाटनांदूरला गेले. मोबाईल गाडीतच राहिला. सुभद्राबाई पुरण करपेल म्हणून आत गेल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे विहिरीच्या स्टार्टरला 'ऑटो' बसवायची पद्धत आहे. लाईट आली की मोटर आपोआप चालू होते, शेतकऱ्याला अंथरुणातून उठावं लागत नाही. लाईटवाले दरसाल येऊन "ऑटो काढा" म्हणून सांगतात. शेतकरी मान डोलवतात आणि बंकटरावांकडून नवा ऑटो घेऊन जातात. बंकटरावांनी आजवर हजारभर ऑटो बसवले असतील. रस्त्याच्या स्टार्टरलाही त्यांनी तो बसवला होता. काही विचार करून नव्हे, हाताला सवय होती म्हणून. आणि बसवला हे ते विसरूनही गेले होते.

अकराला लाईट आली. घरातला पंखा फिरला, तशी सुभद्राबाईंनी खिडकीतून पाहिलं. गाडी येत होती. त्यांनी घाईने तांब्या भरला, भाकरीचा तुकडा घेतला आणि पाहुणीवरून ओवाळून टाकायला दारात आल्या. तोवर गाडी पाटीला टेकली आणि परत निघून गेली.

"अवो! कुठं चाललात?" त्या ओरडल्या. बंकटराव मोटर चालवताहेत असंच त्यांना वाटलं.

गाडी डांबरीपर्यंत गेली, टेकली आणि पुन्हा आली. या खेपेला सुभद्राबाई तयार होत्या. त्यांनी तुकडा ओवाळला, पाणी फिरवलं, आणि दार उघडायला हात घालणार तोच गाडी परत गेली. पाणी त्यांच्याच पायावर सांडलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी खोलीचं कुलूप पाहिलं आणि काय झालंय ते त्यांना कळलं.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो कडूबाईंनी उचलला.

"कोण बोलतंय?"

"आई, मी सुभद्रा!"

"सुभे, मी वाटंला हाय गं. लई झ्याक गाडी हाय. मगाशीच जाग आली बघ."

"आई, तू माझ्या दारात हायेस!"

"न्हाई गं. दारात असते तर गाडी थांबली नसती का? आत्ता एक घर मागं पडलं."

"तेच माझं घर!"

"तुझं कसं असंल? अशी तर तीन घरं मागं पडली. ठेव आता, चार्जिंग जाती. आल्यावर बोलू."

फोन बंद झाला. सुभद्राबाईंनी पदर खोचला आणि गाडीमागे पळायला सुरुवात केली. पन्नाशीची बाई, हातात तांब्या तसाच. लिंबाजवळ त्यांनी गाडी गाठली आणि दार सरकवलं. दम इतका लागला होता की तोंडातून शब्द फुटेना. आतून कडूबाईंना उजेडात एक धूसर, धापा टाकणारी बाई दिसली.

"चालत्या गाडीत चढू नये, बाई," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "आन् ही एसटी न्हाई, माझ्या जावायाची घरची गाडी हाय. मागनं दुसरी येत असंल, तिनं या." आणि दार आतून ओढून लावून घेतलं.

सुभद्राबाई बांधावर बसून राहिल्या.

आत कडूबाईंचा प्रवास छान चालला होता. मळमळ नाही, वास नाही. पडद्याच्या फटीतून त्यांना एक झाड दिसे, मग एक काळी म्हैस, मग एक घर. थोड्या वेळाने गाडी नाक्यावर थांबल्यासारखी थांबे आणि पुन्हा झाड, म्हैस, घर. सगळी गावं सारखीच, दुष्काळी मुलूख दुसरा कसा असणार, असं त्यांना वाटलं. प्रत्येक नाक्यावर कुणीतरी तांबूस अंगाचं खिडकीशी आशेने उभं राही. "घ्या दादा," म्हणून त्या चार-पाच नाक्यांआड एक अनारसा बाहेर धरत. घरचा कुत्रा तो झेलून दुसऱ्या टोकाला धावे आणि तिथे पुन्हा उभा राही. मधूनमधून त्या स्वतःही एक खात. लांबच्या प्रवासात भूक लागतेच.

एवढ्यात बांधावरून नाथा आला. तो गाडीकडे पाहतच नव्हता. मान वाकडी करून तो आवाज ऐकत होता. शेतकरी आपल्या बैलाची घंटा आणि आपल्या मोटरीचा आवाज झोपेतही ओळखतो.

"वहिनी, ही माझी मोटर हाय."

"नाथाभाऊ, ते मागून बगा. आधी आई उतरवा!"

नाथाने कुलपाला दगड मारून पाहिला. दगड फुटला. मग त्याने सबस्टेशनच्या वायरमनला, सत्यमला फोन लावला.

"सत्यम, लाईट बंद कर बे!"

"काय झालं?" सत्यम दचकला. नोकरीच्या सहा वर्षांत ही मागणी पहिल्यांदाच आली होती. "रोज लाईट द्या म्हणून माझा जीव खाता, आन् आज बंद कर म्हणता?"

सत्यमच्या समोरच बंकटराव बसले होते. लाईट आली, आता निवांत जाऊन बटण दाबू, अशा हिशेबाने त्यांनी दोन चहा सांगितले होते आणि तासभर उद्याचे हायवे समजावून सांगत होते. त्यांनी फोन हिसकावला.

"कोण हाय बे? लाईट बंद करायची न्हाई! माझी मामी अर्ध्यात अडकलीय!"

"अडकली न्हाई, तासभर हिंडतीय!" नाथा ओरडला. "ये-जा, ये-जा! गाडी थांबंना!"

बंकटरावांनी चहाचा कप खाली ठेवला. ऑटो आठवला. क्षणभर त्यांचा चेहरा पडला आणि मग हळूहळू उजळला.

"नाथा, उलटी झाली का?"

"आं?"

"मामीला उलटी झाली का?"

पलीकडून नाथाने सुभद्राबाईंना विचारलेलं ऐकू आलं. "न्हाई म्हणतात."

"मग चालू दे! एक तास, आन् उलटी न्हाई! जगात कुठं झालं न्हाई असं! हात लावू नका, मी आलोच."

"आन् बंकट, ही मोटर कुणाची हाय बे?"

"आवाज येईना," सबस्टेशनशेजारच्या मोबाईल टॉवरखाली उभे राहून बंकटराव म्हणाले. "रेंज गेली वाटतं."

ते पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. नाथाच्या मोजणीप्रमाणे साठाव्या खेपेची गाडी डांबरीकडून परत येत होती. बांधावर आता दहा-बारा माणसं जमली होती. बंकटराव कुणाकडेही न पाहता खोलीत शिरले, गाडी दाराशी येईपर्यंत श्वास धरून थांबले आणि अगदी पाटीला टेकायच्या आधी त्यांनी बटण दाबलं. गाडी बरोबर दारात थांबली.

कडूबाई उतरल्या. सुभद्राबाईंनी एकदाचा तो वाळलेला तुकडा ओवाळून टाकला.

"उलटी?" बंकटरावांनी विचारलं.

"न्हाई बापू. जीव कसा गार हाय," कडूबाई म्हणाल्या. "पण लई लांबचा प्रवास झाला. पन्नास-साठ गावं लागली बगा. नाक्या-नाक्यावर एक जण हात न लावता तोंडानंच अनारसा घेतो, इतका उपाशी मुलूख. आन् हर गावात एक बाई तांब्या घेऊन गाडीमागं पळती. काय रीत हाय की तिकडची. तिला कुणीतरी दवाखान्यात न्या."

लोकांनी सुभद्राबाईंच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. सुभद्राबाईंनी तो पाठीमागे धरला.

कडूबाईंनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"जावायबापू, एवढ्या लांब घर बांधलं व्हय? गावात होती तवा जवळ होती माझी पोर. सुभे, ह्या परक्या मुलखात एकटी कशी राहतीस गं? मला कुणी कावून सांगितलं न्हाई?"

त्या रडायला लागल्या. खऱ्याच रडायला लागल्या. सुभद्राबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. "आई, अगं..." म्हणून त्या सांगायला गेल्या आणि त्यांची नजर नवऱ्यावर गेली. बंकटराव दोन्ही हात जोडून उभे होते. दोनशे पावलं म्हणून सांगितलं तर रस्ता कुठेच गेला नाही असं होणार, आणि मग चर बुजवून तूर पेरली जाणार. सुभद्राबाईंनी आईकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना अचानक फार बरं वाटलं.

"ठरल्याप्रमाणं तुमचा रस्ता राहिला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"आन् मी बी राहते," कडूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "इतक्या लांब पोरीला एकटी टाकून मी जायची न्हाई. माझ्या शेळ्या बी मागवून घेते."

वाणाच्या डब्यात तीन अनारसे उरले होते. बंकटरावांनी ते उभ्याउभ्याच खाल्ले.

पुढचे आठ दिवस बंकटरावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. कडूबाई पहाटे चारला उठत आणि घरातल्या सगळ्यांना उठवत. दिवसा पुरुष माणूस आडवा दिसला की त्यांना काहीतरी अशुभ झाल्यासारखं वाटे. दुपारी बंकटरावांचा डोळा लागतो न लागतो तोच त्या खाटेच्या पायथ्याशी येऊन बसत आणि हाक मारत, "जावायबापू, बरं न्हाई का?" अकरा शेळ्या आल्या. त्यातली एक रोज बंकटरावांच्याच खाटेवर चढे, पण तिला मात्र कुणी काही म्हणत नसे.

शिवाय रोज लाईट आली की कडूबाईंना प्रवासाला जायचं असे. एकट्या नव्हे. गावातल्या चार म्हाताऱ्या सोबत घेऊन. त्यांनाही गाडी लागायची आणि त्यांनाही या गाडीत लागत नव्हती. म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं, पण फुकट गादी मिळतेय म्हटल्यावर तोंड कोण उघडणार? नाथाने मोटरीचा मालक म्हणून दुपारची वेळ स्वतःकडे घेतली आणि तो आत घोरत पडू लागला.

"वार्निश वाळलं की सांग बे," जाता जाता तो म्हणे.

आणि ऑटोवर आता कुणाचा विश्वास नसल्यामुळे लाईट असेपर्यंत बटणापाशी कुणीतरी उभं राहणं भाग होतं. ज्या रस्त्यावर सगळ्या दुनियेने झोपायचं होतं, त्या रस्त्यावर जागा राहणारा एकटाच माणूस उरला होता, आणि तो रस्त्याचा मालक होता. आठव्या दिवशी बंकटराव उभ्याउभ्या पेंगले आणि त्यांचं कपाळ स्टार्टरच्या पेटीवर आपटलं.

नवव्या दिवशी सकाळी सुभद्राबाई दूध काढून आल्या तर चरात साखळी नव्हती. बंकटराव फावड्याने चर बुजवत होते. नाथाची मोटर नाथाच्या बैलगाडीत चढवलेली होती. ओम्नी बांधाला लावून ठेवली होती आणि तिच्यात शेळ्या बसल्या होत्या.

"रस्ता तर तुमी जिंकलाय," सुभद्राबाई म्हणाल्या.

"तूर पेर," बंकटराव म्हणाले. "डाळ म्हाग झालीय."

चर बुजल्यावर ते सासूबाईंकडे गेले आणि त्यांचा हात धरून त्यांनी त्यांना डांबरीवर नेलं. मग मनाचा हिय्या करून सगळं सांगितलं. ऑटो, पाटी, साठ खेपा, कुत्रा, तांब्या, सगळं. "चला मामी, आता चालत. मोजा पावलं."

कडूबाई मोजत चालल्या. झाड आलं. म्हैस आली. घर आलं. दोनशे बारा पावलं झाली. त्या दाराशी थांबल्या आणि वळून त्यांनी डांबरीच्या दिशेने तोंड केलं. बंकटरावांनी मान खाली घातली. आता कडाडणार, तणतणत शेळ्या हाकलून धर्मापुरीची वाट धरणार, आणि दुपारी दोन वाजता आपण आपल्या खाटेवर असणार, असं त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"म्हंजे डांबरी एवढी जवळ हाय?" कडूबाईंनी विचारलं.

"एवढी जवळ, मामी. निघालं की दुपारपातूर धर्मापुरी."

कडूबाईंच्या चेहऱ्यावरची आठ दिवसांची काळजी उतरली. त्या ओट्यावर निवांत मांडी घालून बसल्या.

"आग बाई! मी उगीच जिवाला घोर लावून घेतला. इतकं जवळ असल्यावर जायची घाई कशाला? कवा बी जाता येतंय," त्या म्हणाल्या. "चला जावायबापू, गोठ्यातले बैल जुंपा. ऊन व्हायच्या आत तेवढी पट्टी कुळवून घ्या, मी बसते हितंच."

बंकटरावांनी बैल जुंपले.